कोळशाची कडी

पाण्यात सोडलेलं चौथं अंडं उभं राहिलं. आधीची तीन पातेल्याच्या तळाशी आडवी पडली होती. हे मात्र निमुळतं टोक खाली आणि रुंद बाजू वर करून उभं. विजयमालानं बोटानं पाणी हलवलं. अंडं डुललं आणि पुन्हा उभंच राहिलं. पाचवं आणि सहावंही तसंच.

"अहो, अंडी धुतलीत का?"

"व्हय, साबणानं," सयाजी म्हणाला. "लय काळं लागलं हुतं. आन् ती कोंबडी टोचली बी मला."

ते काळं म्हणजे कोळशाची कडी, अंड्याभोवती ओढलेली गोल रेघ. खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवलेल्या अंड्यांना घरोघर अशी खूण करतात, कारण बाकीच्या कोंबड्याही त्याच टोपलीत येऊन घालतात. विजयमालानं दहा दिवसांपूर्वी स्वतः कडी काढली होती. उबवलेल्या अंड्यातली हवा वाढते, म्हणून ती तीन पाण्यात उभी राहिली. अठरा वर्षं पलटणीत राहून सुभेदार सयाजी ही रीत विसरला होता. मेसमधली न्याहारी तेवढी विसरला नव्हता.

पेन्शनीवर आल्यापासून दर रविवारी हेच. सासूबाई रंगूबाई माळकरी, घरात अंडं चालत नसे. म्हणून अंड्याचं सगळं गोठ्यामागच्या चुलीवर. सांगलीहून आणलेली ढोबळी मिरची कांद्याबरोबर परतायची, वर अंडी फोडायची आणि झाकणावर निखारे ठेवून भाजायची. मिरचीचा हिरवट उग्र वास शेणाच्या वासात मिसळला की विजयमाला तोंडानं श्वास घ्यायची. सयाजी खाऊन झाल्यावर बोटानं भांडं निपटून चोखायचा. मिशीत वाळलेलं पिवळं दुपारपर्यंत तसंच असायचं आणि तिला त्याच्याशी बोलताना तिथंच बघावं लागायचं.

बोलायचं तर होतं. फलटणच्या हायस्कूलनं तिला शास्त्र शिकवायला बोलावलं होतं. ते पत्र अठरा दिवस तांदळाच्या डब्यात पडून होतं. हजर व्हायची शेवटची तारीख उद्याची. चार वेळा तिनं विषय काढला. चारही वेळा तो "बगू" म्हणाला आणि तिनं पत्र परत डब्यात सारलं.

"ही तीन नकोत," ती म्हणाली. "कोंबडीखालची आहेत."

बाजेवर बसलेला नाथाजी, सयाजीचा पलटणीतला सोबती, सकाळीच कुंडलहून आला होता. तो हसला. "वैनी, आंडी हायत का सुरुंग? पाण्यात घालून तपासताय त्ये!"

"बीएस्सी हाय गड्या ती," सयाजी म्हणाला. "मीठ बी मोजून घालती. सर गं, आण हिकडं."

तिच्या हातातून पातेलं घेऊन त्यानं अंडी चुलीवर परतलेल्या मिरचीवर फोडली. तीन नीट पडली. चौथं फोडलं तेव्हा बलक पडला नाही. लाल शिरांची जाळी पडली आणि तिच्यात काळ्या डोळ्यांचा एक ओला गोळा. गरम तेलात त्याची कातडी आक्रसली. गंधकासारखा कुजका वास आला आणि विजयमालानं पदर नाकाला लावला.

कॉलेजात तिनं असाच गर्भ काचपट्टीवर पाहिला होता. बहात्तर तासांचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं हृदय किती रेखीव दिसलं होतं. तेव्हा तिला जराही किळस आली नव्हती.

सयाजीनं नाथाजीकडं पाठ केली आणि आवाज खाली आणला. "चमच्यानं उचलून टाक. मिरच्या आनखी घाल वरनं. त्याला काय कळतंय?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. बोटाला लागलेलं तो धोतराला पुसत होता आणि त्याच्या मिशीत मागच्या रविवारचं पिवळं अजून आहे, असं तिला वाटलं. आपण चमचा उचलला तर पुढच्या रविवारीही उचलू, हे मात्र तिला स्वच्छ कळलं.

तिनं पदरानं भांडं धरलं, उकिरड्यापाशी नेलं आणि पालथं केलं.

"आगं, येडी का खुळी तू! पावण्याची न्ह्यारी हाय ती!"

आरडाओरडा ऐकून रंगूबाई गोठ्याच्या दारात आल्या. "काय झालं गं, विजे?"

विजयमालानं आधी हात धुतले, दोनदा, राख लावून. मग ती सासूबाईंकडं वळली, पण सयाजीला आणि बाजेवरच्या नाथाजीलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "सासूबाई, मला फलटणच्या शाळेत नोकरी लागलीय. उद्या सकाळच्या गाडीनं मी जाणार."