पाचवी फरशी

शालिकराम बत्तीस वर्षं गुडघ्यांवर चालला. गुडघ्याखाली पोत्याची घडी टाकायची, सिमेंट-रेतीचा मसाला पसरायचा, फरशी ठेवायची आणि लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत मागं सरकायचं. प्रताप नगरातल्या कितीतरी बंगल्यांत लोक त्याच्या गुडघ्यांवर पाय देऊन चालतात. फरशीवाल्याला उभ्यानं धंदा नाही. शेवटी उजवा गुडघा गेलाच. डॉक्टरनं तो काढून धातूचा बसवला.

"तीन महिन्यांत पहिल्यासारखे व्हाल," डॉक्टर दारातूनच बोलला आणि पुढच्या खोलीकडं गेला. शालिकरामनं ते वाक्य देवाच्या फोटोसारखं जपलं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी वैभवी गुडघा दाबायची तेव्हा तो दातांवर दात आवळायचा. सक्करदऱ्याच्या घरी बायको, पंचफुला, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून आकडे मोजायची.

"बस करा आता. घामानं चादर भिजली."

"मोज तू. मधुसूदन माह्यासाठी काम थांबवून राहिला."

मधुसूदन त्याचा जोडीदार. कन्हानच्या मंगल कार्यालयाच्या हॉलच्या फरशीचं काम दोघांनी मिळून धरलं होतं.

नव्वदाव्या दिवशी वैभवीनं गुडघा किती वाकतो ते मोजलं. "एकशे पंधरा अंश! काका, कमाल केली!"

बाकीच्या रुग्णांनी टाळ्या वाजवल्या. शालिकराम लाजला. मग भिंतीलगत चालायचा सराव करायच्या फरश्यांच्या पट्ट्यावर गेला.

"पोरी, ही पाचवी फरशी पोकळ आहे. पहिल्याच दिवशी पायाले समजलं. कोण्या गाढवानं बसवली वं?"

आणि ठोकून दाखवायला त्यानं भिंत धरून नवा गुडघा खाली टेकला.

कळ थेट डोक्यात गेली.

"काका! गुडघा टेकायचा नाही!"

"बरं, आज नाही. मंग कधीपासून?"

"कधीच नाही. त्यावर टेकून काम करायचं नसतं. डॉक्टरांनी सांगितलं नाही?"

"काहून सांगतील? मी काय काम करतो, हे इचारलं कोणी?"

तिनं फाइल उघडली. धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं, निवृत्त. काउंटरवरच्या कोणीतरी त्याचे पिकलेले केस पाहून लिहून टाकलं होतं. ती फाइल डॉक्टरनं पाहिली, नर्सनं पाहिली, वैभवीनं रोज पाहिली.

त्याला उठता येईना. वैभवीनं आणि एका वॉर्डबॉयनं काखेत हात घालून उचललं.

"नव्वद दिवस मले कशासाठी दाबून राहिली होती तू?"

"चालता यावं म्हणून, काका."

"चालून जाऊ कुठं?"

वैभवीनं फाइल मिटली.

घरी पोचतो तोच मधुसूदनचा फोन. "काय गा, झाला ना फिट? सोमवारी ये, रेती पडली आहे."

"दुसरा पाहा."

"मजाक करून राहिला काय बे?"

त्यानं फोन ठेवला. पंचफुलाला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिनं गुंडाळी आणून टाचेखाली सारली.

"चला. एक... दोन..."

पाय हलला नाही. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तरी दहापर्यंत मोजलं.