लंकाबाईचा बोलका डबा

"वीस रुपये प्राप्त झाले," असे लंकाबाईच्या टोपलीशेजारचा निळा डबा खणखणीत स्वरात बोलला आणि वत्सलाबाईंच्या हातातला दोरा तुटला.

"अगं, त्याला जरा हळू बोलायला शिकव," तुटलेल्या टोकाला गाठ मारीत त्या म्हणाल्या. "वर महादेवाची समाधी मोडेल."

लंकाबाई खदखदून हसली. "मोडू दे ना आक्का! त्याला बी कळू दे, त्याचा बेल कोनाकडून येतो त्ये."

कपालेश्वराच्या पायऱ्यांच्या तळाशी, रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर वत्सलाबाईंचे हारांचे दुकान होते. दुकान म्हणजे एक लाकडी पाट आणि वर ताडपत्री. परंतु ती जागा सासूच्या हातून त्यांच्या हाती आली होती आणि तिला त्यांच्या मनात देवघराचे स्थान होते. पहाटे स्नान करावे, फुलांवर पाणी शिंपडावे, पहिला हार वर देवाला पाठवावा आणि मगच गिऱ्हाइकाकडे पाहावे, हा नेम त्यांनी आजारपणातही मोडला नव्हता. लंकाबाई पेठ तालुक्यातल्या डोंगरातली. ती बेलाची टोपली घेऊन भर उन्हात उभी होती, तेव्हा वत्सलाबाईंनीच तिला आपल्या ताडपत्रीच्या सावलीत बोलावून घेतले होते. ते त्यांनी निर्मळ मनाने केले होते. पुढे त्याच सावलीत आपले मन असे करपेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

कारण तो डबा. यात्रेकरू फोन पुढे करीत, टोपलीला टेकवलेल्या चौकोनी चित्रावर धरीत, आणि क्षणभरात आतली बाई सुरेल आवाजात रक्कम सांगे. शेजारणीची प्रत्येक मिळकत अशी चारचौघांत पुकारली जावी, हे वत्सलाबाईंना सोसेना. त्यांनी मुलाच्या, सुनीलच्या मागे लागून तसाच डबा आणवला. पण त्यांचे गिऱ्हाईक जुने. कनवटीची नाणी पाटावर ठेवून नमस्कार करणारे. त्यामुळे त्यांचा डबा मुकाच बसून राही. एकच दिवस त्याला अपवाद. महिन्याच्या एक तारखेला सकाळी तो घसा साफ केल्यासारखा गरजे, "दोन हजार रुपये प्राप्त झाले." ते सुनीलचे पैसे. त्या दिवशी लंकाबाई पाणी आणायला निघाली, तर वत्सलाबाई तिला काही ना काही निमित्ताने थांबवून घेत.

आणखी एक काटा त्यांच्या मनात रुतला होता. रोज दुपारी दर्शनाची रांग ओसरली, पायऱ्यांवर कबुतरेच काय ती उरली, की लंकाबाईचा डबा बोले, "एक रुपया प्राप्त झाला." समोर गिऱ्हाईक नसे. रुपयात बेलाचे पानही येत नाही. आणि तेवढा शब्द कानी पडताच लंकाबाईच्या चेहऱ्यावर असे तेज चढे, की जणू तिला वरून प्रसादाचे फूल मिळाले! वत्सलाबाईंनी पुष्कळ विचार केला आणि त्यांना एकच उलगडा झाला. आपला डबा मुका आहे म्हणून आपल्याला डिवचायला ही कुणाकडून तरी मुद्दाम रुपया टाकवून घेते.

श्रावणातल्या सोमवारी दुपारी गर्दीचा पहिला भर ओसरला. आकाश दाटून आले होते. "आक्का, बेल जरा गंगेवरून भिजवून आणते, लक्ष ठेव," असे सांगून लंकाबाई टोपली घेऊन गेली. डबा मागेच राहिला. वत्सलाबाईंनी इकडेतिकडे पाहिले. ज्या बोटांनी इतकी वर्षे देवाच्या गळ्यातले हार ओवले, त्यांतलेच एक बोट पुढे झाले आणि डब्याच्या कडेचे वजाबाकीच्या खुणेचे बटण दाबीत राहिले. आवाज पुरता मावळला. मग त्यांनी शेवंतीचे फूल उचलले. मनाला गारवा वाटला.

लंकाबाई परत आली. "बोललं का गं डबडं?"

"नाही बाई. मी तर काही ऐकलं नाही."

ते खोटे नव्हते, आणि खरेही नव्हते.

लंकाबाई बसली. बेलाची पाने निवडू लागली. थोड्या वेळाने तिने डब्याकडे पाहिले. आणखी थोड्या वेळाने तो उचलून कानाशी धरला. चांगली पाने टाकून ती किडकी पाने जुडीत बांधू लागली, तेव्हा वत्सलाबाईंना राहवेना. जराशा सुखावूनच त्या म्हणाल्या, "एवढं काय गं? एक दुपार गिऱ्हाईक नाही आलं तर आभाळ कोसळतं का?"

"गिऱ्हाईक नाय आक्का. रुपया."

"कसला रुपया?"

"सोमाचा. माझ्या पोराचा." लंकाबाईचा आवाज खाली गेला. "भाजीची पिकअप घेऊन रोज घाट उतरतो, गुजरातकडं. रस्ता कसा झालाय, ठाव हाय ना? मागं त्याच्या सोबतीचा पोरगा दरडीखाली गेला. तवापासून माझं काळीज थाऱ्यावर नाय. माझा फोन तर सुनेकडं ऱ्हातो, घरी. मंग पोरगा बोलला, आये, घाट उतरलो का एक रुपया टाकतो. डबडं बोललं, का समज, तुझा सोमा खाली पोचला."

कुंडाच्या काठावर कुणी मंत्रपुष्पांजली म्हणत होते. ते शब्द वत्सलाबाईंना जन्मभराचे पाठ. आज मात्र त्यांतले एक अक्षरही त्यांच्या कानात शिरले नाही.

"आज घाटात लय पाऊस हाय म्हनत्यात," लंकाबाई म्हणाली. तिने बेलाची जुडी मांडीवर ठेवली.

वत्सलाबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, त्या दोन पावलांना लागू नये इतका वेळ लावून, डब्यापाशी आल्या. आधी त्यांनी बेरजेच्या खुणेचे बटण दाबले, पुन्हा पुन्हा दाबले. मग मधले गोल बटण. मागची रक्कम पुन्हा ऐकायची असेल तर ते दाबायचे, हे सुनीलने त्यांना त्यांच्या डब्यावर दाखवले होते. त्यांना ते कधी वापरावे लागले नव्हते. क्षणभर काहीच झाले नाही. तेवढ्या क्षणात त्यांनी वरच्या महादेवाला कितीतरी नवस बोलून घेतले.

"एक रुपया प्राप्त झाला."

लंकाबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. "पोचला गं बाई! पोचला माझा सोमा!"

"लंका, आवाज मी बारीक केला होता," वत्सलाबाई म्हणाल्या. "मघाशी. तू गेलीस तेव्हा."

लंकाबाईने डोळे पुसत त्यांच्याकडे पाहिले. "आसं व्हय! डोकं दुखत व्हतं का आक्का? मंग सांगायचं ना मला. मीच केला आसता."

 वत्सलाबाई आपल्या पाटावर जाऊन बसल्या. विक्रीचा मत्सर त्यांनी पचवला असता. आज ना उद्या तो त्या फुलांच्या देठांबरोबर टाकूनही दिला असता. परंतु आता जे मनात पेटले होते, ते कुठे टाकावे, हे त्यांना कळेना.

संध्याकाळी त्यांनी सुनीलला फोन लावला. तो राहत होता त्या गंगापूर रोडवरून पंचवटीतले हे दुकान काही लांब नव्हे. पण त्याचे येणे सणावारी होई.

"सुनील, ते पैसे तू एक तारखेला कधी पाठवतोस रे? सकाळी उठल्या उठल्या?"

"मी कुठं पाठवतो आई? ते आपोआप जातात. तुझ्या सुनेनं फोनमध्ये एकदाच लावून ठेवलंय. का गं, आले नाहीत का?"

"आले, आले. दर वेळी येतात."

"मग झालं तर. लक्षात ठेवायची भानगडच नाही."

"अरे, मी काय म्हणते... रोज दुपारी एक रुपया पाठवशील का?"

"एक रुपया?" तो हसला. "त्याचं काय करणारेस? कमी पडतात का तुला? वाढवू का?"

"नको. पुरतात."

पुढच्या एक तारखेला सकाळी वत्सलाबाई पहिला हार वर पाठवून पाटावर बसल्या, तोच त्यांचा डबा गरजला, "दोन हजार रुपये प्राप्त झाले." हातात कळशी घेऊन पाण्याला निघालेली लंकाबाई आपणहून थांबली.

"नशीब काढलंस आक्का," ती म्हणाली. तिच्या स्वरात कौतुक होते, आणि त्याखाली, प्रथमच, काहीतरी टोचणारे होते. "तारीख म्हनून चुकत नाय बघ तुझा लेक. माझ्याकडं आपला एक रुपया."

इतके दिवस हेच ऐकण्यासाठी वत्सलाबाई तिला थांबवून ठेवीत आल्या होत्या. त्या मान हलवून हसल्या. तिची पाठ वळेपर्यंत हसत राहिल्या. मग त्यांनी आपल्या डब्याच्या कडेचे वजाबाकीचे बटण आवाज मावळेपर्यंत दाबले आणि दुपारी लंकाबाईचा डबा बोलेल तेव्हा नीट ऐकू यावा, म्हणून पाट थोडा तिच्या बाजूला सरकवला.