शिगेचा नग

टाकव्याच्या रस्त्याला, भातखाचरांना लागून राजेश्वरीताईंची पत्र्याची शेड आहे. तिथे गाड्यांना लागणारे रबरी बुश तयार होतात आणि चाकणच्या एका कंपनीला जातात. दुसरं गिऱ्हाईक नाही.

यंदा कंपनीने कळवलं, फोनवरच्या ऑर्डरी बंद. आता कंपनीचा संगणक शेडच्या संगणकाला ऑर्डर पाठवणार. शेडने ‘मिळाली’ म्हणून उलट कळवायचं, आणि गाडी निघण्याआधी कोणत्या खोक्यात किती नग आहेत तेही पाठवायचं. सगळं ठरलेल्या साच्यात, मध्ये माणूस नाही. चाचणीच्या दोन गाड्या जातील. त्यातली एक तरी बिनचूक ठरली तर पुरवठादार म्हणून नोंद होईल, नाहीतर काम दुसऱ्याला जाईल.

राजेश्वरीताई पूर्वी अंगणवाडीत शिकवायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना गोल बसवून चिठ्ठ्यांचा खेळ मांडला. संगणक सांभाळणारी हर्षदा झाली शेड. बुशच्या कडा कापणाऱ्या कस्तुराबाई झाल्या कंपनी.

“मी कंपनी? मग आदी खुर्ची आना,” कस्तुराबाई म्हणाल्या. “आन् च्या.”

“चिठ्ठीत जरा जरी चुकलं, तर कंपनी ती परत करणार,” ताई समजावत होत्या. “रागावणार नाही, विचारणार नाही. नुसती परत.”

“मंजी माज्या सासूवानी न्हाई. ती इचारायची बी आन् रागवायची बी.”

सगळे हसले. बुधाभाऊही हसले, पण त्यांचा हात थांबला नाही. ते डोंगरावरच्या ठाकरवाडीतले, खोकी भरायचं काम त्यांचं. पन्नास नग मोजायचे, आणि बंद करताना वर एक ठेवायचा. धान्याचं माप भरल्यावर वर रास चढवतात, तसा तो शिगेचा. ‘पायलीवर शीग न्हाई तर ते माप कसलं?’ असं ते म्हणत. कंपनीतले जुने साहेब तो एक हसून ठेवून घेत. ताईंना तर इतक्या वर्षांत तो वरचा नग दिसेनासाच झाला होता.

पहिली गाडी परत आली. संगणकावर एकच ओळ होती: माहिती जुळत नाही. हर्षदाने सगळं पुन्हा तपासलं, तेव्हा शेडच्या क्रमांकातलं एक शून्य सुटलेलं सापडलं.

“सापडलं, ताई!” ती ओरडली. कस्तुराबाईंनी गूळ वाटला.

दुसऱ्या गाडीपुढे ताईंनी नारळ फोडला. आत बुधाभाऊ खोकी भरत होते.

“शेवटची गाडी म्हनं,” ते कस्तुराबाईंना म्हणाले. “हात आखडून चालायचं न्हाई.”

“मग घाला की सढळ हातानं. तुमच्या बापाचं काय जातंय?”

त्या दिवशी त्यांनी प्रत्येक खोक्यात दोन नग वर ठेवले.

तीही गाडी परत आली. ताईंनी कंपनीच्या ओंकारला फोन लावला. संगणकांची ही जोडणी तोच बघत होता.

“गेटवर प्रत्येक खोकं काट्यावर जातं, मॅडम. तुम्ही पन्नास कळवलेत. वजन बावन्नचं भरतंय.”

“अरे, जास्तच दिलेत ना बाळा?”

“जास्त म्हणजेही चूकच. पहिल्या गाडीतही एकेक जास्त होता. सिस्टीमने तुमचं नाव बंद केलंय. माझ्या हातात काही नाही.”

“मग कोणाच्या हातात आहे?”

“खरं सांगू का? कोणाच्याच नाही. काम दुसरीकडे गेलंसुद्धा.”

ताई बाहेर आल्या. खोकी उतरवून झाली होती. हर्षदा एक उघडून त्यातले नग मोजत होती. मोजून झाल्यावर तिने बुधाभाऊंकडे बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं. ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“ताई,” बुधाभाऊंनी विचारलं, “आमचं काय कमी पडलं व्हय?”

“नाही भाऊ. कमी काही नव्हतं.”

“मग?”

चार वर्षांच्या पोराला चंद्र लहानमोठा का दिसतो ते समजावणाऱ्या ताई उतरवलेली खोकी सरळ रचायला लागल्या. कस्तुराबाई पदराने खेळातली ती कंपनीची खुर्ची पुसत बसल्या.

बुधाभाऊंनी उघडं खोकं ओढून घेतलं. बाहेर काढलेले नग आत भरले, वर दोन ठेवले आणि खोकं बंद केलं.

“ऱ्हाऊ द्या हितंच,” ते म्हणाले. “पुढल्या ऑर्डरीला लागतीलच.”