मला काढा! मोरीतल्या पितळी वॉलचं गाऱ्हाणं

मी वॉल बोलतोय. शिकलेली माणसं मला व्हॉल्व्ह म्हणतात, पण आमच्या मरोळमध्ये लहानथोर सगळे वॉलच म्हणतात आणि मलाही तेच बरं वाटतं. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की रडगाणं ठरलेलं असतं, आम्हाला टाकू नका, आम्हाला जपा. माझं नेमकं उलटं झालं. मला काढा, मला फेका, म्हणून मी जीव तोडून ओरडत होतो, पण घरात एकानं ऐकलं असेल तर शपथ!

माझा जन्म मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात झाला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, थंड झाल्यावर मला लेथवर चढवलं, आणि लेथवर होता धोंडिराम. ऐन तिशीतला माणूस, घाटावरून आलेला, बोटं तेलानं काळी. त्याने माझा दांडा वळला, माझ्या पोटात उघडझाप करणारी चकती बसवली, वर चाक लावलं. मग मला पाण्यात बुडवून आतून हवा मारली. एक बुडबुडा आला नाही.

"वा रे पठ्ठ्या," धोंडिराम म्हणाला.

त्याच सुमारास त्याने जवळच्या एका तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर घर घेतलं. शेठला विचारून मला घरी आणलं आणि सांध्यातून पाणी झिरपू नये म्हणून सुतळी, सफेदा लावून स्वतःच्या हाताने मोरीच्या भिंतीत बसवलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आधी माझ्या पोटात येणार, मग मी म्हणेन तेव्हा घरात जाणार. मोठ्या मानाची नोकरी होती हो ती!

माणसांच्या सवयी मी जवळून पाहिल्या. गावाला निघताना सगळ्यांना माझी आठवण यायची, एरवी माझ्या चाकावर ओले पंचे वाळत पडायचे. धोंडिरामची बायको सोनूबाई मात्र मला विसरायची नाही. बुद्धपौर्णिमा जवळ आली की घरातलं सगळं पितळ निघायचं, आणि तांब्या, पातेली घासून झाली की उरलेली चिंच घेऊन ती माझ्याकडे वळायची. मला घासून घासून असा लखलखीत करायची की पाहुणे मोरीत हात धुवायला आले की थबकायचे.

"घरचा माल आहे," धोंडिराम बाहेरूनच सांगायचा. "माझ्या हातचा."

पुढे तो गाळा बंद पडला. लेथ विकली गेली, शेठ गेला, त्या जागी आता काचेची कचेरी आहे. धोंडिरामने आयुष्यभर हजारो वॉल वळले असतील, पण ते कुठे गेले कोणाला ठाऊक? डोळ्यांसमोर उरलो होतो मी एकटा. म्हणून त्याचा माझ्यावर जीव. तो जीवच शेवटी आमच्या मुळावर आला.

झालं काय, इमारतीत बोअरचं आणि टँकरचं पाणी येऊ लागलं. ते पाणी वाईट. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ते पाणी जस्त तेवढं खाऊन टाकतं आणि मागे उरतं ते भुसभुशीत, तांबूस असं काहीतरी. माझं तेच झालं. वरून मी लखलखत होतो आणि आतून पोखरून निघत होतो. अंगावर तांबूस डागही उठले.

धोंडिरामची सून दर्शना, तिने ते पहिल्यांदा पाहिले. पोरगी अंधेरीच्या एका दवाखान्यात दुपारपाळीला बसते, नजर तिखट. "बाबा, हे लाल-लाल काय झालंय वॉलला?"

"अगं, तांबं जास्त आहे त्यात. भारी माल आहे, म्हणून तर दिसतंय."

अरे देवा! तेव्हाच मला रडू कोसळलं असतं. पण आम्हाला रडायचं म्हणजे गळायचं. मी गळायला लागलो. भिंतीच्या आत, जिथे कोणाला दिसत नाही तिथे, टप टप, टप टप.

ते पाणी जायचं हिल्डाबाईंच्या छतात. हिल्डाबाई तळमजल्यावर राहतात, इथल्या जुन्या गावठाणातल्या. सोनूबाईची आणि त्यांची मैत्री माझ्याएवढीच जुनी. पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या खाटेवर. मुलगी यव्होन वांद्र्याच्या एका इस्पितळात नर्स. ती सकाळी निघाली की म्हातारी एकटी. आणि त्यांची खाट कुठे? बरोब्बर माझ्या खाली. त्यांची मोरी त्यांनी कधीच आत सरकवली होती आणि त्या मोकळ्या जागेत ही खाट आली होती.

एका संध्याकाळी यव्होन वर आली. हातात सिमेंटचा ढलपा, चांगला भाकरीएवढा.

"दर्शना, हे बघ. मम्मीच्या उशीला लागून पडलं. सगळं छत फुगलंय गं. मी ड्युटीवर असताना डोक्यात पडलं तर? तिला तर कूसही बदलता येत नाय." तिने ढलपा दर्शनापुढे धरला. "खाट दुसरीकडे हलवायला जागा कुठेय आमच्याकडे? रात्री तेवढी ओढून घेते मी दारापाशी. दिवसा कुणी डोकावावं म्हणून दार उघडं ठेवावं लागतं, तेव्हा काय करू?"

दर्शनाने तो ढलपा ठेवून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तिने नवा वॉल शोधायला सुरुवात केली.

पहिला आणला अंधेरी स्टेशनजवळून. आरशासारखा चकचकीत. दुकानदार म्हणाला होता, "ताई, सगळे हाच नेतात." तिने विचारलं, टिकेल किती? तर म्हणे, "ते वापरावर असतं ना." धोंडिरामने फ्रीजवरचं लोहचुंबक काढून त्याला लावलं. टक्कन चिकटलं!

"पितळेला चुंबक चिकटत नाही, पोरी. हे लोखंडावर नुसतं मुलाम्याचं पाणी दिलंय. परत कर."

दुसरा आणला घाटकोपरहून, मैत्रिणीने सांगितलेल्या दुकानातून. याला चुंबक चिकटलं नाही, पण धोंडिरामने तळहातावर तोलला आणि हसला. "हलका. भिंत बघ कागदासारखी. आणि चाक बघ कसं डुगडुगतंय, म्हाताऱ्याच्या दातासारखं." तोही परत गेला.

खरं सांगायचं तर म्हाताऱ्याचं चुकत नव्हतं. त्या दोघांना माझ्या जागी लावलं असतं तर हिल्डाबाईंचं मरण सहा महिन्यांनी आलं असतं, एवढाच फरक. पण इकडे माझं अंग दिवसेंदिवस ठिसूळ होत होतं. टाकी भरली की पाण्याचा दाब माझ्या पोटात यायचा आणि मी दात ओठ खाऊन तो धरायचो. आज जातो की उद्या जातो, अशी गत.

दर्शना कामावर जायच्या आधी दुकानं पालथी घालत होती. मुलुंडला गेली, बोरिवलीला गेली. शेवटी साकीनाक्याच्या एका बोळात एका दुकानदाराने तिला विचारलं, "शोभेला पाहिजे की पाणी अडवायला?"

"पाणी अडवायला हो! खाली माणूस झोपतं माझ्या!"

त्याने आतून एक वॉल आणला. वजनदार, बिनचकाकीचा, बनवणाऱ्याचं नाव आणि मानकाची खूण अंगातच ओतलेली. दुकानात पंप लावून, दाबाखाली धरून दाखवला. असल्या खराब पाण्यातही खाल्लं जाणार नाही असं पितळ आहे, असंही त्याने सांगितलं. दर्शनाने घरी येऊन तो माझ्यासमोर मोरीच्या कठड्यावर ठेवला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आला रे बाबा, माझा वारस आला. सुटलो.

धोंडिरामने चुंबक लावलं. तोललं. चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं, पाणी भरून उलटा धरला. 

"आहे चांगला," शेवटी तो म्हणाला. "फारच चांगला आहे."

"मग उद्या प्लंबरला बोलावते."

"अगं, घाई काय? हा अजून ठणठणीत आहे. असला माल रोज मिळत नाही, हाताशी असू दे. लागेल तेव्हा लावू."

"बाबा, आत्ताच लागलाय! हिल्डा आंटीचं छत बघितलंत ना?"

"ते पाइपातनं गळतंय. माझा वॉल गळणार नाही."

आणि सोनूबाईने तो वॉल जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. जिथे लग्नातला काचेचा सेट आहे, अजून एकदाही बाहेर न आलेला, त्याच्या शेजारी. काय म्हणावं या माणसांना? चांगली वस्तू मिळाली की ती वापरायची नसते, जपून ठेवायची असते! वापरायला आहेच की जुनी, मोडकी, मरायला टेकलेली.

मी बोंबललो हो. धोंडिराम, बापा, तू मला जन्म दिलास, आता तूच मला काढ. तुझ्या नावाला बट्टा लागेल, माझ्या हातून खून होईल. पण ऐकू येईल तर ना!

मग मी ठरवलं. आतून गळून कोणाला दिसत नाही ना? मग बाहेरून गळू या. ज्या अंगाचा त्याला गर्व, तेच त्याच्यासमोर उघडं करू या. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरली, धोंडिराम मोरीत तोंड धुवायला आला, आणि मी दांड्याजवळून धार सोडली. थेट त्याच्या पायावर.

तो चटकन मागे सरला. मग पाना घेऊन आला.

"बाबा, हात नका लावू!" दर्शना धावली. "आधी गच्चीवरून पाणी बंद करू या."

"सरक. हेच करत आलोय जन्मभर. जरासा आवळला की झालं."

त्याने पाना लावला आणि मी त्याच्या हातात चुरलो. शिळ्या बिस्किटाचा तुकडा पडावा तसा माझा अर्धा खांदा गळून पडला आणि भसकन पाणी उसळलं. धोंडिरामच्या छातीवर, भिंतीवर, आणि भिंतीतून खाली. त्याच्या तळहातात माझा तुकडा होता. त्याने आतला तो तांबूस भुगा पाहिला, आणि जन्मभर पितळ ओळखणारा माणूस एका क्षणात सगळं समजला.

"हिल्डाबाई!" त्याने अशी किंकाळी फोडली की मी हादरलो. "दर्शना, खाली पळ! खाट ओढ! सोने, तू गच्चीवर जा!"

सोनूबाईचे गुडघे गेलेत, दोन पायऱ्या चढली की बसते. ती बाई कठड्याला धरून, जवळजवळ रांगत गच्चीवर गेली. धोंडिरामने पंचा माझ्यावर दाबला, वर दोन्ही हात दाबले, वर छाती टेकली. पाणी त्याच्या नाकातोंडात जात होतं. "थांब रे, थांब रे बाबा," तो मला म्हणत होता. मी कसा थांबू? माझ्यात थांबवायला उरलंच काय होतं? तरी जेवढा शाबूत होतो तेवढा मी त्याच्या हाताखाली चिकटून राहिलो. खालून खाटेचे पाय फरशीवर खरडल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग धडाम!

पाणी थांबलं. सोनूबाईने वरचा वॉल बंद केला होता.  धोंडिराम भिंतीला कान लावून उभा होता.

"आंटी ठीक आहे!" खालून दर्शनाचा रडवेला आवाज आला. "बाबा, ठीक आहे! उशी मागे राहिली, सगळं नुसत्या उशीवर पडलं!"

तो तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि ढसाढसा रडला.

दुपारी प्लंबर आला. कपाटातला वॉल बाहेर निघाला आणि माझ्या जागी बसला. धोंडिराम मला घेऊन खाली गेला. हिल्डाबाईंची खाट दाराशी, केसांत सिमेंटची धूळ. त्याने मला त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि मान खाली घालून उभा राहिला.

"रोज ऐकत होते मी याला," हिल्डाबाई म्हणाल्या. "टप टप करत बोंबलत होता. तुला नाय ऐकू आला, धोंडिराम?"

"मला वाटलं, माझ्या हातचा आहे."

"तुझ्या हातचा रे. पण माझ्या डोक्यावर होता ना."

 त्या माउलीनेच मग त्याचा हात धरला आणि बस म्हणाल्या, चहा घेऊन जा.

संध्याकाळी सोनूबाई म्हणाली, "राहू दे की आठवण म्हणून. घासून शोकेसमध्ये ठेवते."

"नको. घरात राहिला तर कधीतरी पुन्हा लावीन मी. मी ओळखतो मला."

तो स्वतः मला पिशवीत घालून भंगारवाल्याकडे घेऊन आला. भंगारवाल्याने मला उजेडात फिरवलं. "काका, झकास पितळ आहे!"

"वरून," धोंडिराम म्हणाला. "आतून गेलाय. चांगल्या मालात मिसळू नकोस. माझ्याच हातचा आहे, म्हणून सांगतो."

एवढं बोलून तो गेला. मी आता इथे नळ, कड्या, मोडक्या बिजागऱ्या यांच्या ढिगात पडलोय आणि भट्टीची वाट बघतोय. वाईट वाटत नाही. भीती होती तेव्हा होती, आता सुटलोय. जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं. आज घरी गेलात की मोरीतला वॉल एकदा हाताने उघडून बंद करा. गळत असेल, अडकत असेल, तर चांगला शोधा, आणि मिळाला की कपाटात ठेवू नका, लावा. तुमचा जुना किती वर्षं टिकला ते मला नका सांगू. तुमच्या खाली कोण झोपतं, तेवढं आठवा.