वाऱ्यापलीकडची तार

पिन बोटभरही नव्हती. बायकांच्या केसांतल्या आकड्याएवढी असेल. पण टर्नबकलच्या, म्हणजे डोलकाठीची तार ताणायच्या पेचाच्या, भोकातून ओवून तिचे दोन पाय उलटे वळवले की टर्नबकल आपोआप फिरायचं नाही, तार सैल पडायची नाही – आणि हेच नूर मोहम्मदला फार आवडलं होतं. एकदा आवळलं की आवळलं. काल संध्याकाळी त्याने स्वतः वळवलेले ते पाय आता उन्हात चमकत होते, आणि तो होडीच्या काठाशी बसला होता, मांडीवर सुताराचा रंधा घेऊन, थकून. आज काही केलं म्हणून नव्हे. असाच. माणूस झोपेतून उठतो तोच थकलेला उठतो, तेव्हा रात्रभर त्याने काय उचललं, हे विचारायचं कोणाला?

खारबावच्या खाडीला भरती लागली होती. सकाळी चिखलात एका कुशीवर पडलेली होडी हळूहळू सरळ होत होती. लहानशीच होडी, एक डोलकाठी, दोन शिडं, आणि आत दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी खोली. त्या खोलीला दार होतं. ते लागत नव्हतं. आणि पाणी पुरतं भरलं की साजिदा येणार होती.

साजिदा त्याची बायको. ईद झाल्यावर ती कल्याणला बहिणीकडे गेली, ती तिकडचीच झाली. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं – भांडणाला निदान शेंडा-बुडखा असतो, एक टोक धरून सोडवत तरी बसता येतं. ती फक्त म्हणाली, थोडे दिवस आपाकडे राहते. थोडे दिवस म्हणजे किती, ते त्याने विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल अशी भीती वाटली.

काल फोनवर तोच म्हणाला, ये, दोन दिवस होडीवर राहू, दोघंच. होडी चालवायची ती त्यांची लेक कौसर; साजिदाने तिचंच नाव काढलं.

"आत खोली आहे म्हणाली कौसर. तिला दार आहे?"

"आहे की."

"लागतं का हो ते? आतून?"

"लागतं."

"मग येते. दार लागलं तर राहीन. नाहीतर कौसर सोडेल मला परत."

एवढंच. बायका दागिने मागतात, हज मागतात, माझ्या बायकोने दार मागितलं... आणि मला हसूही आलं नाही. कारण मला ठाऊक होतं.

घर लूमच्या, त्याच्या यंत्रमागांच्या, वरच होतं. खाली लूमची खडखड, वर संसार, आणि घरातलं एकही दार लावायचं नाही ही अब्बांपासूनची रीत – दार लावलं तर खालची लूम बंद पडलेली कळणार कशी? लूमवाल्याला आवाजात झोप लागते आणि शांततेत जाग येते. त्या खडखडीतून एक लूम जरी थांबली तरी तो घास हातात धरून जिन्याकडे बघायचा. मग वस्तीतल्या बहुतेकांचं झालं तेच झालं, लूम भंगारात गेल्या, खाली कुणाचे तरी खोके येऊन पडले. दारं मात्र उघडीच राहिली. आणि कान? कानाला कोण सांगणार, बाबा, तुझी ड्युटी संपली? तो साजिदावर जाऊन बसला. स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं की हा हाक मारायचा.

"साजिदा?"

"काय?"

"काही नाही."

दिवसभर हेच. काही नाही, काही नाही. एकदा ती म्हणाली होती, "मला न्हाणीघरातूनसुद्धा हजेरी द्यावी लागते." हसत म्हणाली होती. हसत म्हणाली म्हणूनच तर त्याने ते हसण्यावारी नेलं.

त्याने उठून पुन्हा दार ओढलं. खालून नीट यायचं, वरचा कोपरा चौकटीला अडायचा. तासायचंच. कोपरा तासला की बसेल. रंधा त्यासाठीच आणला होता.

किनाऱ्यावर हितेश पाटील खुर्ची टाकून बसला होता. होडी बांधायची जागा त्याची. वळकडच्या गोदामांच्या भाड्यावर त्याचं घर उत्तम चाललं होतं, खाडीशी आता काही काम उरलं नव्हतं, तरी दुपारी इथे येऊन बसल्याशिवाय त्याला करमत नसे.

"नूरशेठ, रंधा कनाला?"

"दार फुगलंय."

"फुगलाय? पावसाला अजून टाइम हाय. परवा तं लागत व्हता. मीच लावला ना, मांजर आत शिरत व्हती म्हणून." आणि तो पुन्हा मोबाइलमध्ये शिरला.

परवा लागत होतं.

मग काल... काल काय केलं मी? तारा आवळल्या. रविवारी कौसरबरोबर वाऱ्यावर गेलो तेव्हापासून त्या तारा डोक्यातून जात नव्हत्या. वारा डाव्या अंगाने आला, डावीकडची तार सतारीसारखी ताठ झाली आणि उजवीकडची – सैल. लोंबती. लूमवाल्याच्या डोळ्यांसमोर ताण्यातला एक धागा सैल पडणं म्हणजे काय, ते पोरीला काय कळणार? एक सैल धागा अख्खा तागा नासवतो. पान्हा घेऊन तो उठलाच. कौसर सुकाणूवरून ओरडली, "अब्बा, राहू द्या! वाऱ्यापलीकडची तार थोडी सैलच पडते. पडायलाच हवी." त्याने ऐकलं, आणि उजवी आवळली. होडी वळवली, तर डावी सैल. मग डावी आवळली. आणि काल, पोरगी कामावर गेल्यावर, एकटा येऊन पुन्हा दोन्ही – एकही तार हलणार नाही इतक्या. पिनांचे पाय वळवताना किती बरं वाटलं होतं.

डोलकाठी उभी होती त्या खोलीच्याच छपरावर. तारा तिला दोन्हीकडून खाली ओढत होत्या, ती छपराला दाबत होती, छप्पर चौकटीला... दार होतं तेवढंच होतं, फुगलं नव्हतं. चौकटच खाली बसली होती.

त्याने रंधा खाली ठेवला. हसावंसं वाटलं, पण त्यालाही अंगात जोर लागतो.

पिनांचे पाय सरळ करायला वळवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग पान्हा. डावीकडे थोडं, तेवढंच उजवीकडे, मग जाऊन दार बघायचं, पुन्हा डावीकडे. प्रत्येक फेऱ्याला तळहाताला नको वाटत होतं. आयुष्यभर हे हात एकाच दिशेने फिरले होते. शेवटी दार लागलं. साधासा खटका वाजला. त्याने तारेवर बोट दाबलं, तार आत गेली. अर्धा फेरा परत द्यावा? फक्त अर्धा? दार तरीही लागेल कदाचित... त्याने पिना ओवल्या, पाय जेमतेम वळवले, आणि पान्हा मुद्दाम लांब, शिडाच्या पिशवीखाली सरकवून दिला.

भरती भरली. कौसर किनाऱ्यावर गाडीशीच थांबली, चावी हातात. साजिदा चपला काढून फळीवरून आली, तोल सावरायला तिने तीच तार धरली आणि चमकून पाहिलं. तीस वर्षं तीही लूमच्या डोक्यावरच राहिली होती.

"अहो, ही ढिली आहे."

"असू दे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. असू दे हे शब्द त्याच्या तोंडून तिने कधी ऐकले होते की नव्हते, ते आठवत असावी. मग वाकून आत गेली. दार ओढलं. खटका.

आणि मग काहीच नाही. बांगड्या नाहीत, पिशवी उघडल्याचा आवाज नाही, काही नाही. आत ती बसली होती, की उभी होती, रडत होती, की नुसती भिंतीकडे बघत होती? राहणार होती? कौसरने गाडी सुरू केली नव्हती, पण चावीही पर्समध्ये टाकली नव्हती. नाव गळ्याशी आलं. साजिदा? एवढंच तर म्हणायचं, ती म्हणेल काय, मी म्हणेन काही नाही... शांतता वाढत गेली, अख्खी लूमशेड एकदम बंद पडावी तशी. तो होडीच्या काठावर टेकला, दाराकडे पाठ करून. हात आपसूक तारेवर गेला होता. खाडीवरून थोडा वारा आला, तार बोटांखाली हलली. त्याने ती धरली नाही. मी थकलोय साजिदा, हे त्याला फार सांगावंसं वाटलं. दार उघडल्यावर सांगायचं असं त्याने ठरवलं, आणि ती उघडेल तोवर बसून राहिला.