पूर्वरंगाचा पडदा

इराणहून येऊन शहापुरात विणकरांच्या गल्लीत राहिलेल्या बेहरोजला आम्ही कीर्तनासाठी विठ्ठलाचा पडदा रंगवायला सांगितला. त्यानं नुसते निळे-तांबडे भोवरे रंगवले. त्याच्याकडचे सूफी दरवेशी म्हणे अशाच गिरक्या घेत देवाला हाक मारतात.

"देव कुठाय रं ह्यात?" मंडळाच्या जयाआक्कांनी विचारलं.

"मीबी त्यालाच हुडकतोय, आक्का."

"मग घावल्यावर रंगवायचं न्हाय व्हय!"

पण कीर्तनकार बुवा म्हणाले, "असू दे. पूर्वरंगाला हाच पाहिजे." आणि देवाला रूप नाही, आकार नाही, हे त्यांनी असं रंगवून सांगितलं की आक्कांचा पदर भिजला. गल्लीनं आपलं चित्र ठेवून घेतलं, या आनंदात बेहरोज डोलत होता.

पूर्वरंग संपला तशा आक्का डोळे पुसत उठल्या. "लई ग्वाड सांगितलं बुवांनी. आता ते उतरवा आणि देवाचा फ्लेक्स लावा. उत्तररंग हाय, आरती हाय. देव दिसाय नको व्हय?"

बेहरोजनंच पडद्याच्या दोऱ्या सोडल्या.

फ्लेक्सवर विठ्ठल झळकला. शेवटी आरती सुरू झाली, आणि आम्ही सगळ्यांनी भक्तिभावानं डोळे मिटून घेतले.