वारुळावरचा न्यामेरा

आईचा निरोप येऊन दोन पौर्णिमा झाल्या होत्या. डोळ्यांपुढे धुकं दाटतंय, दिसतंय तोवर तोंड दाखवून जा. सिमालोइ तीनदा माहेरी निघाली आणि तिन्ही वेळा नवऱ्याने, कोइनेतने, तिला कुंपणातूनच परतवलं. "अगं, नदीच्या उतारापाशी सिंहीण आहे, बच्च्यांसकट. आज नको." सिंहिणीपुढे कुणाचं काय चालणार!

आज ती गाढवं राखत टेकाडावर बसली होती. समोर वारुळावर न्यामेरा हरणाचा नर उभा होता. निळसर काळ्या मांड्या, पिवळे पाय, आणि ऐट अशी की सगळं रान याच्या बापाचं. माजावर आलेली एक मादी चरता चरता त्याच्या हद्दीबाहेर निघाली. नराने तिच्या वाटेकडे कान टवकारले आणि जोराने फुत्कार सोडला. शिकारी दिसल्यावर सोडतात, अगदी तोच. मादी जागच्या जागी थबकली आणि मागे फिरली.

सिमालोइने तिकडे निरखून पाहिलं. गवत मुळापर्यंत खाल्लेलं, सिंह सोडा, ससाही लपला नसता. थोड्या वेळाने मादी पुन्हा निघाली. पुन्हा फुत्कार! सिमालोइला हसू फुटलं आणि हसता हसताच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने गाढवं घरी हाकली आणि दुधाचा तुंबा खांद्याला अडकवला.

"अगं, उतारापाशी सिंहीण..." कोइनेत आडवा आला.

"चौथ्यांदा? बाईनं तिथं झोपडं बांधलंय की काय? घ्या भाला, चला. मला भेटवा तिला."

कोइनेतने मान खाली घातली. "पहिली बायको माहेरी गेली ती आलीच नाही," तो कसाबसा म्हणाला. "तूही..."

"मला परत यायचंच नसतं, तर तुम्हाला बरोबर कशाला नेलं असतं?"

तिला त्याची कीव आली, पण राग काही गेला नाही.

उतारावरच्या चिखलात फक्त गाईंच्या खुरांचे ठसे होते.

जावयाने सासूसमोर जायचं नसतं, म्हणून तो काटेरी कुंपणाबाहेरच थांबला. म्हातारी दाराशी उन्हात बसली होती. सिमालोइने तिच्यापुढे डोकं झुकवलं. म्हातारीची बोटं कपाळावरून नाकावर, नाकावरून ओठांवर फिरली.

"सिमालोइ? परवापरवापर्यंत सावली तरी दिसायची गं. उशीर केलास."

बाहेर कोइनेतला सगळं ऐकू जात होतं.

"वाटेत सिंहीण होती, आई."

"मग थांबलीस ते बरं केलंस," म्हातारी म्हणाली. "शहाणा आहे हो माझा जावई. त्यानंच थांबवलं असेल तुला."